आत्तार सरांचं पागोटं

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाला टोपणनाव होतं. गणिताच्या सरांना आम्ही ‘बाकी शून्य’ म्हणत असू, रसायनशास्त्राच्या सरांना ‘धूर’. इंग्रजीचे सर दर वाक्याआधी खोकत, म्हणून ते ‘स्वल्पविराम’. खुद्द प्रिन्सिपॉलसाहेबांचं नाव ‘घंटा’ होतं आणि ते त्यांना माहीत होतं. ग्रंथपाल, मेसचा आचारी, जिमखान्याचा गडी, कुणीही सुटलेलं नव्हतं. सुटले होते ते एकटे आत्तार सर. सांगलीजवळच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात मी चार वर्षं काढली, पण त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आम्हाला वाटायचं, केवढा मान आहे सरांना. त्यांना काय वाटायचं, ते मला फार उशिरा कळलं. आपली कुणीतरी थट्टा करावी, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला आमच्याकडून हवी होती. ती आम्ही त्यांना दिली नाही. त्यातही सगळ्यात जास्त हात माझा होता, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ते फारशीचे प्राध्यापक. मी इतिहासाचा, त्यामुळे त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. मी कॉलेजात आलो तेव्हा फारशीच्या वर्गात तिघं होते, पुढच्या वर्षी दोघं राहिले आणि शेवटी मिरजेचा एकच मुलगा उरला. त्या एका मुलासमोरही सर रोज पूर्ण तास उभं राहून शिकवत आणि सुरुवातीला हजेरी घेत. तो मुलगा मला सांगायचा की सर आधी त्याचं नाव पुकारतात आणि मग मान वर करून तो आलाय का ते पाहतात.

तास कमी म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांच्याकडे कॉलेजातल्या सगळ्या कार्यक्रमांचं काम दिलं होतं. वादविवाद, सहली, व्याख्यानं, खेळांचे सामने, वर्षाचं गॅदरिंग, सगळं. महायुद्धाच्या दिवसांत कागद मिळत नव्हता. छापील नोटिसा बंद झाल्या आणि पोर्चमधल्या मोठ्या फळ्यावर आठवड्याचे कार्यक्रम लिहायची पद्धत पडली. लढाई संपली, कागद आला, तरी फळा राहिला. दर शनिवारी सकाळी पहिल्या तासाआधी सर तो लिहीत. वर ‘येत्या आठवड्यात’ असं ठळक, खाली सोमवार ते शनिवार.

त्यांची लिहायची रीत बघायला आम्ही मुद्दाम लवकर येत असू. आयुष्यभर उजवीकडून डावीकडे लिहिलेला माणूस. मराठी लिहितानाही आधी फळ्याच्या उजव्या कडेला जायचे आणि प्रत्येक ओळ जिथे संपायची तिथे खडूचा एक बारीक ठिपका ठेवायचे. सहा वारांचे सहा ठिपके. मग डावीकडे येऊन लिहायला लागायचे, आणि शेवटचं अक्षर बरोबर त्या ठिपक्याला जाऊन टेकायचं. एकदाही चुकलं नाही. ओळ सुरू कुठे होते ते कुणालाही कळतं, ती कुठे संपणार ते आधी ठरवावं लागतं, असं ते म्हणायचे.

फळ्यावर एकही वार मोकळा ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. काहीच नसेल त्या दिवशी ते लिहीत, ‘गुरुवार: ग्रंथालयात नवी मासिके आली आहेत. येऊन पाहावीत.’ एका गुरुवारी मी खरंच गेलो. मासिकं गेल्या महिन्याचीच होती. टेबलापाशी आत्तार सर उभे होते, आणि मला बघून त्यांनी घाईघाईने एक खुर्ची पुढे ओढली.

उंच, किंचित वाकलेले, बारा महिने बंद गळ्याचा काळा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि खांद्याला खादीची पिशवी. पिशवीत खडू, सुतळी, टाचण्या, मेणबत्त्या, पेट्रोमॅक्सच्या जाळ्या, खोकल्याच्या गोळ्या, सगळं असे. वक्त्याचा घसा बसला तर गोळी पुढे करणारे तेच आणि सतरंजी उलटी पसरली गेली असेल तर वाकून सरळ करणारेही तेच. सगळ्यांच्या आधी यायचं, व्यवस्था बघायची, आणि माणसं जमायला लागली की मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. विश्रामबागेतच एका खोलीत ते एकटे राहत. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली होती, मूल नव्हतं, म्हातारी आई वडूजला. त्यांचे वडील जत्रांमधून अत्तर आणि सुरमा विकायचे. सरांच्या अंगाला मात्र खडूचा वास यायचा.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती एका फसलेल्या व्याख्यानामुळे. सांगलीतले एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांना ताऱ्यांचा नाद. सरांनी त्यांचं व्याख्यान ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं. सहामाही परीक्षा चार दिवसांवर आलेली. मी गावी जायच्या परवानगीसाठी प्रिन्सिपॉलसाहेबांना शोधत संध्याकाळी सभागृहात डोकावलो, तर व्यासपीठावर पितळी दुर्बीण घेऊन पोस्टमास्तर बसलेले आणि समोर साठ खुर्च्यांत एकटे सर. मला बघताच त्यांनी बसायची खूण केली आणि व्याख्यान सुरू करायला सांगितलं.

म्हातारबाबा तासभर बोलले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, समोर किती माणसं आहेत ते त्यांना दिसत नव्हतं. व्याख्यान संपल्यावर सरांनी पहिल्या रांगेतून एक प्रश्न विचारला. उत्तर चालू असताना ते पाय न वाजवता उठले, मधल्या रांगेत गेले, आणि तिथून जरा घोगऱ्या आवाजात दुसरा प्रश्न विचारला. तिसरा अगदी मागच्या भिंतीजवळून. मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला काही सुचेना, म्हणून चंद्रावर पाऊस पडतो का, असं मी विचारलं. त्यावर म्हातारा अर्धा तास बोलला आणि फार खूश होऊन टांग्यात बसला.

टांगा गेल्यावर सरांनी मला माझं गाव विचारलं. मी अगदी छापील मराठीत सांगितलं, मी कडेगावचा आहे, माझं नाव दिनकर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या काळ्या कोटातून एकदम दुसराच माणूस बोलला.

“मग येवडं शुद्ध कशाला बोलतुस रं? मी वडूजचा हाय.” आणि जरा वेळाने, “म्हाताऱ्याला कुणी आलं न्हाई असं वाटलं नसंल न्हवं?”

तेव्हापासून चारचौघांत ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत आणि आम्ही दोघंच असलो की वडूजची. आईशी दखनी, वर्गात फारशी, प्रिन्सिपॉलसाहेबांशी इंग्रजी आणि आमच्याशी शुद्ध मराठी, अशा चार भाषा दिवसभर ते चालवीत. पण गावाकडची ही पाचवी बोलायला त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला जाता-येता थांबवून ते काहीबाही विचारत. औंदा जुंधळा कसा हाय, गुऱ्हाळ सुरू झालं का, मिलिटरीतल्या भावाचं पत्र आलं का. मी कधी घाईत असायचो, दोन शब्द बोलून सटकायचो. ते आता आठवलं की वाईट वाटतं.

त्यांची दुसरी गोष्ट सागरेश्वरच्या सहलीची. सगळा बेत सरांचा. रेल्वेने ताकारीपर्यंत, पुढे चालत. दुपारी झाडाखाली आमच्या पत्रावळी मांडल्या, पिठलं, भाकरी, कांदा. आम्ही पन्नास जण दोन ओळींत दाटीवाटीने बसलो. सरांसाठी मात्र पलीकडच्या आंब्याखाली सतरंजी अंथरली होती. हॉस्टेलवरून खास आणलेलं ताट, तांब्या, वर दोन केळी. आधी त्यांना वाढलं आणि मग आम्ही जेवायला बसलो. इकडे आमच्यात एकमेकांच्या पत्रावळीवरची भाकरी पळवणं चाललं होतं. ‘बाकी शून्य’ सरांच्या पिठल्यात कुणीतरी मिरचीचा ठेचा कालवला आणि ते ठसका लागेपर्यंत हसले. आत्तार सर पलीकडून आमच्याकडे बघत सावकाश जेवत होते.

मी ताट उचलायला गेलो तेव्हा केळी तशीच होती. ते हळूच म्हणाले, “लय मान देता रं तुमी मला. येवडा मान पचत न्हाई.”

मी हसलो आणि ताट उचललं. पुढच्या सहलीला पुन्हा सतरंजी निराळी अंथरली, आणि या वेळी ती मीच अंथरली. त्यात मान किती होता आणि दुसरं काय काय होतं, हे आम्ही तेव्हा स्वतःला विचारलं नाही. गणिताच्या सरांचं पान आमच्यात आणि आत्तार सरांचं पलीकडे, याचं उत्तर नुसत्या मानाने देता येत नाही, हे मला आज कळतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे शेलापागोट्यांचा कार्यक्रम असे. नवी मुलं त्याला फिशपाँड म्हणायला लागली होती. आठवडाभर आधी पोर्चमध्ये कुलूप लावलेली एक लाकडी पेटी ठेवत. कुणीही, कुणाच्याही नावाने, थट्टेची एखादी ओळ लिहून त्यात टाकायची. खाली सही करायची नाही. शेवटच्या संध्याकाळी त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचल्या जात. ज्याचं नाव निघे त्याने हशा चालू असताना व्यासपीठावर यायचं, कागदाचं पागोटं डोक्यावर घालून घ्यायचं आणि ते मिरवत आपल्या जागी जायचं. प्रिन्सिपॉलसाहेबसुद्धा येत. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही तो मुलगा दुसऱ्या दिवशी खट्टू असायचा. वर्षभर कॉलेजात राहून आपल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, असा त्याचा अर्थ होई.

चिठ्ठ्या वाचायचं काम दर वर्षी आत्तार सरांचं. आवाज भारदस्त, चेहरा गंभीर, त्यामुळे साधी ओळही त्यांच्या तोंडून दुप्पट हसू आणायची. पागोटीही तेच करत. पंधरा दिवस खोलीवर बसून पतंगाच्या रंगीत कागदाची, खळ लावून, घड्या घालून. बघत राहावं अशी पागोटी असायची ती.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मी गॅदरिंगचा सेक्रेटरी झालो. आधीचा सेक्रेटरी जोशी म्हणून एक हुशार, सरळ मुलगा होता. त्याने पेटीची किल्ली देताना मला सगळं समजावून सांगितलं. खुर्च्या कुठून आणायच्या, पेट्रोमॅक्स कोण नीट पेटवतो, वाचनाआधी पेटी सेक्रेटरीने एकट्याने उघडायची आणि वावगं लिहिलेल्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या. आणि शेवटी म्हणाला, “आत्तार सरांच्या नावाची निघाली तर तीही बाजूला काढ. वाचू नकोस, पुढे देऊही नकोस.”

मी का म्हणून विचारलं.

“अरे, ते निराळे आहेत. बरं दिसत नाही. मलाही माझ्या आधीच्याने हेच सांगितलं होतं.”

कुणी सुरू केलं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेही खरं. उलट त्या वर्षी वर्तमानपत्रांतून रोज दंग्यांचं जे वाचायला मिळत होतं त्यामुळे मला ते जास्तच पटलं. सरांना उगाच काही लागायला नको, असं मी मनाशी म्हटलं. पेटी उघडली तर त्यांच्या नावाच्या चार चिठ्ठ्या निघाल्या. वरचं नाव बघितलं आणि न वाचता चारही कोटाच्या आतल्या खिशात घातल्या. तो कोट माझ्या भावाने मिलिटरीतून आणून दिला होता, त्याला सात खिसे होते.

वाचनाआधी सरांनी मला विचारलं, किती चिठ्ठ्या आहेत. मी एकोणचाळीस म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग केलेल्या पागोट्यांतून मोजून टेबलावर मांडली ती चाळीस. त्या वेळी मला वाटलं, एखादं फाटलं तर असावं म्हणून जास्तीचं ठेवलं असेल.

त्या संध्याकाळी ते फार सुंदर वाचत होते. ‘घंटा’ साहेबांच्या चिठ्ठीला सभागृह पाच मिनिटं हसत होतं. मुलींच्या रांगेतल्या एकीला पागोटं मोठं झालं, ते तिच्या नाकावर उतरलं. एकेक चिठ्ठी कमी होत गेली. शेवटची वाचून झाल्यावर सरांनी तो कागद उलटा करून पाहिला, त्याच्या मागे दुसरा चिकटला आहे का म्हणून. मग रिकामी पेटी उचलली, उपडी केली आणि तळाला बोटांनी दोनदा टकटक केलं. लोकांना तोही विनोदच वाटला, ते हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. “संपल्या,” ते म्हणाले, आणि टेबलावर उरलेलं हिरवं-पिवळं पागोटं घडी मोडू न देता आपल्या पिशवीत ठेवलं. मी खुर्च्या मोजायला गेलो.

जानेवारीच्या शेवटी, प्रार्थनासभेतल्या त्या गोळ्यांनंतर, देशावर जे कोसळलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेज बरेच दिवस बंद राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हा फळा कोराच होता. पुढच्या शनिवारी सकाळी सर आले, सहा ठिपके ठेवले आणि लिहायला लागले. पहिल्याच ओळीत क्रिकेटचा सामना होता. त्या ओळीने आमच्यातल्या कितीतरी जणांना धीर आला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मार्चमध्ये उन्हं तापली. कोट घरी पाठवायचा म्हणून मी खिसे रिकामे करायला बसलो आणि त्या चार चिठ्ठ्या हाती लागल्या. आता वाचायला काय हरकत आहे, म्हणून उघडल्या.

पहिलीत लिहिलं होतं, आत्तार सरांच्या पिशवीत काय नाही ते सांगा आणि बक्षीस मिळवा. दुसरीत, सर जेवणात मीठ घेतात की खडू. तिसरीत, सरांची फारशी एवढी गोड की वर्गाला एकच माणूस पुरतो. वावगं काही नव्हतं, नुसती माया होती. चौथीचं अक्षर वेडंवाकडं होतं, डाव्या हाताने काढल्यासारखं. ‘आत्तार सर: सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या मागे बसतात आणि तरी विचारतात, कुणी आलं का?’ दोन ओळी होत्या. दोन्ही ओळींचं शेवटचं अक्षर कागदाच्या उजव्या कडेला एकाच रेषेत टेकलं होतं, आणि तिथे दोन बारीक ठिपके होते.

मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसलो. चाळिसावं पागोटं कुणासाठी होतं, पेटीच्या तळाला त्यांनी का टकटक केलं, सगळं एका क्षणात कळलं. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

त्याच आठवड्यात बातमी आली. मिरजेचा तो एकटा मुलगा यंदा बी. ए. होणार होता, नवीन कुणी फारशी हा विषय घेतला नव्हता, म्हणून वर्ग बंद होणार. सरांना वडूजच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं होतं. निरोपाचा समारंभ ठरला, आणि कार्यक्रमांचं काम त्यांच्याकडेच असल्यामुळे तोही त्यांनाच फळ्यावर लिहावा लागला. मी मागे उभा होतो. ‘शनिवार: फारशीचे प्राध्यापक श्री. आत्तार यांना निरोप. सभागृह, दुपारी चार.’ एवढं लिहून ते थांबले आणि मागे न वळता त्यांनी मला विचारलं, “फुडं ‘सर्वांनी यावे’ लिवू का ‘सर्वांनी अवश्य यावे’?”

मी म्हटलं, अवश्य लिहा. त्यांनी मान हलवली. “अवश्य लिवलं की लोकं येत न्हाईत.” आणि नुसतं ‘यावे’ लिहून ठिपक्याला टेकवलं.

लोक आले. सभागृह भरून वऱ्हांड्यात माणसं उभी होती. सर या वेळी व्यासपीठावर, मधल्या खुर्चीवर, हार घालून. भाषणं झाली. निगर्वी, निःस्पृह, ऋषितुल्य असे शब्द आले. प्रत्येक शब्दाला सर किंचित मान वाकवत आणि त्यांची नजर मागच्या रांगेतल्या कडेच्या रिकाम्या खुर्चीकडे जाई. मी आदल्या दिवसापासून ठरवून आलो होतो. विद्यार्थ्यांतर्फे बोलायला उठलो आणि खिशातून कागद काढला. गॅदरिंगला एक चिठ्ठी वाचायची राहून गेली होती, ती आज वाचतो, असं म्हटलं आणि चौथी चिठ्ठी वाचली.

सरांनी झटकन मान वर केली. वर्गात नाव पुकारलेल्या मुलाने करावी तशी. चेहरा असा उजळला की मला वाटलं, जमलं. ते सभागृहाकडे बघत वाट पाहत राहिले.

कुणी हसलं नाही. शेपाचशे माणसं, आणि एक आवाज नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, मग प्रिन्सिपॉलसाहेबांकडे. सरांची थट्टा, तीही आज, याने त्यांना कसंसंच झालं असावं. मी हसायला हवं होतं. एक जण हसला असता तर दुसरा हसला असता. साठ खुर्च्यांतून फिरून एका म्हाताऱ्याची सभा भरवणारा माणूस समोर बसला होता आणि मला साधं एक हसू काढता आलं नाही. शेवटी प्रिन्सिपॉलसाहेबांनी हळूच टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, फार आदराने, बराच वेळ. सरांनी उठून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी त्यांची ट्रंक घेऊन मोटार स्टँडवर गेलो. विट्याची मोटार, पुढे मायणीवरून वडूज. पोचवायला मी एकटाच. ट्रंक टपावर चढवली, सरांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभा राहून, खिडकीच्या गजाला धरून, त्यांना सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या चार होत्या, त्या मी काढल्या, माझ्या आधीचेही काढत होते, दर वर्षी.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले. “पयल्या सालीच कळलं. आचाऱ्याची निघती, गड्याची निघती, मग माजीच कशी न्हाई?”

“मग तुम्ही स्वतःची चिठ्ठी कशाला टाकलीत, सर?”

ते ड्रायव्हरच्या सीटकडे बघायला लागले. “म्हनलं, येखाद्या सालाला येखादा पोरगा काढायला इसरंल.”

त्यांच्या मांडीवर पिशवी होती, तिच्या तोंडातून हिरवा-पिवळा कागद दिसत होता. मी खिडकीतून हात घातला, पागोटं काढलं, त्यांची काळी टोपी उचलून त्यांच्याच हातात दिली आणि पागोटं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते नको म्हणाले नाहीत. शेजारी पाटीत दोन कोंबड्या घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने सरांना पायापासून वरपर्यंत न्याहाळलं.

“काय वं पावनं,” ती म्हणाली, “लगीन करून आला का कराया निगाला?”

सर तिच्याकडे वळले. अंगात काळा कोट, डोक्यावर पागोटं आणि चेहरा नेहमीसारखा गंभीर. “करायाच निगालोय, मावशे. बगा येखादी, तुमच्या वळखीतली.”

आख्खी मोटार हसली. ड्रायव्हर मागे वळून हसला, टपावरचा माणूस वाकून बघायला लागला, कुणीतरी मागून ‘नवरदेवाला फुडं बसवा’ म्हणून ओरडलं. आणि सर हसले. दात दिसेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मोटार सुटली. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला, पण म्हातारी त्यांना आणखी काहीतरी विचारत होती आणि ते उत्तर द्यायला लगेच पुन्हा तिच्याकडे वळले. वळणापर्यंत मला ते पागोटं दिसत होतं. त्यांना पुन्हा भेटायचा योग आला नाही.

मी चालत विश्रामबागेला परतलो. कॉलेजात कुणी नव्हतं. पोर्चमध्ये फळा दिसला म्हणून थांबलो. आदल्या दिवशी, निरोपाच्या आधी कधीतरी, सरांनी तो पुसून ठेवला होता. वर ‘येत्या आठवड्यात’ असं ठळक, खाली डावीकडे सोमवार ते शनिवार. आणि उजव्या कडेला, पुढे लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी, खडूचे सहा ठिपके. मधली जागा मोकळी होती. मी खडू हातात घेतला, पण सोमवारी काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.